कहाणीतला नवरा

पहिला खर्डा वाचून झाल्यावर माझ्या मुलीने कागद टेबलावर ठेवले आणि विचारलं, “बाबा, ह्यात नवरा कुठंय?”

खर्डा मी लिहिला होता. दिव्याच्या अवसेला बायका जी कहाणी सांगतात, तिचा घरच्या घरी सिनेमा करायचा असं तिने ठरवलं होतं. तिची आई, म्हणजे माझी बायको, पौषात गेली. दर आषाढात ती घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायची आणि ही कहाणी मोठ्याने सांगायची. ऐकायला कधी मी एकटा, कधी शेजारची एखादी बाई. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत सण करत नाहीत, म्हणून यंदा दिवे पुजायचे नव्हते. “पूजा नको, शूटिंग करू,” मुलगी म्हणाली. ती एडिटिंगचं काम करते, जावई लग्नांचे व्हिडिओ काढतो. दोघं रोडपालीला राहतात, मी खांदा कॉलनीतल्या जुन्या फ्लॅटमध्ये. वीस मिनिटांचा सिनेमा करायचा आणि वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमतील तेव्हा दाखवायचा. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आणि घरात लिहिणारा मी एकटाच.

कहाणी अशी आहे. एका राजाची सून घरातलं गोडधोड चोरून खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर चिडतात. पाहुणा आलेला असतो, त्याच्या अंथरुणात ते हिची चोळी नेऊन टाकतात. सकाळी बोभाटा होतो आणि सासू-दीर तिला घरातून घालवून देतात. ती रोज घरातले दिवे घासायची, अवसेला त्यांना नैवेद्य दाखवायची, ते सगळं बंद पडतं. पुढच्या अवसेला शिकारीहून परतणारा राजा झाडाखाली थांबलेला असतो. तिथे गावातले दिवे जमून आपापल्या घरच्या गोष्टी बोलत असतात. राजाच्या घरचा दिवा सांगतो की सुनेची काही चूक नव्हती, खरं काय ते मी पाहिलं आहे. राजा तिला मेणा पाठवून परत आणतो.

सासू आहे, दीर आहेत, सासरा आहे, उंदीरसुद्धा आहेत. नवरा नाही. चाळीस वर्षं ही कहाणी ऐकून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं नव्हतं असं म्हणणंही तितकंसं खरं नाही.

“प्रेक्षक विचारणार ना,” मुलगी म्हणाली. “बायकोला घराबाहेर काढतायत आणि हा काय करतोय? त्याला माहीत होतं का? त्याचा एक सीन लिहा.”

मी लिहून दिलं की नवरा परगावी गेला होता.

तिने वाचलं आणि पेन्सिलीने बाजूला लिहिलं, ‘सोपं झालं.’ मग मला म्हणाली, “असू दे तूर्त. पण अजून विचार करा.”

विचार करायची मला गरज नव्हती. हे लिहायला बसलो आहे तर त्या संध्याकाळचं आधी लिहायला हवं.

एकोणीस वर्षांपूर्वी माझी आई ह्याच फ्लॅटच्या आतल्या खोलीत शेवटची आजारी होती. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, जवळच्या माणसांना कळवून ठेवा. आत आलो तर बायकोचा हात फोनवर होता. “वन्संना लावते,” ती म्हणाली. माझी ताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पेणला राहते. तासाभराचा रस्ता. मी म्हणालो, “आत्ता नको. ती येईल, रडारड करेल, आईला त्रास होईल. सकाळी लावू.” बायको म्हणाली, “अहो, सकाळपर्यंत...” मी म्हणालो, “मी सांगतोय ना.” तिने हात काढला. ती आईजवळ बसली आणि मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो. सकाळी साडेसहाला आई गेली.

ताई साडेआठला पोचली, ओल्या केसांनी. कुणा शेजारणीने तिला दारातच सांगितलं होतं की डॉक्टर आदल्या संध्याकाळीच सांगून गेले. तिने आईच्या पायांवर डोकं ठेवलं, उठली आणि विचारलं, “काल कळलं होतं, तर मला का नाही कळवलं?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहिलं. ताईने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि तिला हवं ते उत्तर तिला मिळालं. “माझ्या आईजवळ मला बसू दिलं नाहीस तू, वहिनी,” ती म्हणाली. खोली माणसांनी भरलेली होती. मी काही बोललो नाही.

तेराव्यानंतर सांगतो, असं मी बायकोला म्हणालो होतो. मग वर्षश्राद्धानंतर. मग त्यावर बोलणंच बंद झालं. ताई मुलीच्या लग्नाला आली, घरच्या कार्यांना आली, पण वहिनीच्या हातचं जेवली नाही. चहा घ्यायची, तोही अर्धा. भाऊबीजेला मलाच पेणला बोलवायची. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, ती हेच ऐकत मोठी झाली की आईने आत्याला कळवलं नव्हतं. बायको मला एकदाच म्हणाली, “तुम्ही सांगाल असं वाटलं होतं.” हे म्हणताना ती डाळ निवडत होती आणि तिने मान वर केली नाही.

कहाणीतल्या सासूच्या कामासाठी मुलीने ताईला बोलावलं. मला न विचारता. “आत्याशिवाय कोण? आणि आईसाठी करतोय म्हटल्यावर लगेच हो म्हणाली,” ती मला म्हणाली. मी बरं म्हणालो.

शूटिंग अवसेच्या आधीच्या रविवारी होतं. ताई सकाळी नऊलाच आली, नऊवारी पिशवीत घेऊन. वरच्या मजल्यावरची बाई तिच्याकडचे पितळी दिवे घेऊन खाली आली. ही मूळची इथल्याच विचुंबे गावातली. जमिनी गेल्या, इमारती आल्या, आता तिचे तीन फ्लॅट भाड्याने आहेत, पण मासे अजून स्वतः निवडून आणते. माझ्या बायकोची मैत्रीण. दिव्याचा आवाज तिचा घ्यायचा होता.

“सर, आमी काय बोलायचं ता नीट लिवलंय ना?” तिने विचारलं. “नायतर मी आपली माझ्या मनाचं बोलेन.”

“मनाचंच बोला मावशी,” मुलगी म्हणाली. “दिवे काय पुस्तकी बोलतात?”

“आनि उंदीर कुठाय?”

जावयाने खेळण्यातला उंदीर दाखवला, शेपटीला काळा दोरा बांधलेला.

“ह्यो?” ती हसत सुटली. “ह्यो चोळी नेनार? ह्याला तर चोळीच उचलून नेल.”

ताईही हसली. ताईला हसताना पाहून मला बरं वाटलं आणि लगेच ते बरं वाटणं नकोसं झालं.

सुरुवात शेवटापासून झाली. राजा मीच होतो, आणि माझा फेटा जावयाच्या मित्राचा होता. त्याला तो बारा वाजता परत हवा होता. म्हणून सून घरी परत येते तो प्रसंग आधी. ताईला हे पटेना. “शेवट आधी? कहाणी अशी सांगतात का?”

“आत्या, नंतर जोडते मी. कॉम्प्युटरवर सरळ होतं सगळं.”

“कॉम्प्युटरवर होईल गं. आत्ता ऐकतंय कोण? आपणच ना?” असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि डब्यातले चार तांदूळ मुठीत घेऊन आली. आमच्याकडे कहाणी ऐकताना हातात अक्षता घेतात आणि कहाणी संपेपर्यंत खाली ठेवत नाहीत. मुलगी निवेदन जागेवरच वाचणार होती, तेव्हा ताईच्या लेखी कहाणी सुरू होत होती. शूटिंगमध्ये ती संपायला संध्याकाळ होणार, हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि आल्यावरही तिने मूठ उघडली नाही. चहा डाव्या हाताने प्यायली. नऊवारी नेसायला मुलीने मदत केली. “आत्या, मूठ दिसतेय फ्रेममध्ये,” जावई म्हणायचा. ती हात पदराखाली घ्यायची.

“आत्याबाई, मुठीत काय उंदीर धरलाय?” वरची बाई म्हणाली.

“कहाणी अर्धी सोडू का मी? तू सोडशील?”

“नाय बा.”

फेटा परत गेल्यावर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ताई मागोमाग आली. तिने दार थोडं लोटलं.

“अरे, तुला सांगून ठेवते,” ती म्हणाली. “शेवटी प्रत्येकाने वहिनीबद्दल दोन वाक्यं बोलायची आहेत ना कॅमेऱ्यासमोर? मी काय बोलणार ते ठरवून आलेय.”

“काय?”

“की मी तिला माफ केलं. आईच्या वेळचं. मनात काही ठेवलेलं नाही म्हणून. सगळे नातेवाईक बघणार आहेत, तर सगळ्यांना कळू दे. गेलेल्या माणसावर किती दिवस राग धरायचा? आणि तुझी पोर, तिच्याही मनावर ओझं असेल की आपल्या आईने असं केलं. तेही उतरेल.” तिचे डोळे भरले होते. ती मनापासून बोलत होती, हे इथे नोंदवायला हवं. “बरोबर आहे ना?”

तेव्हा सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं, आत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “बघू.”

“बघू काय?”

“चार वाजता आहे ते. बघू तेव्हा.”

साडेअकरा वाजले होते. साडेचार तास होते माझ्याकडे. मला आठवतं, मी प्रत्येक तासाला स्वतःशी ठरवत होतो की हा प्रसंग झाला की सांगू. माझ्याकडे काम थर्मोकोलचा तक्ता धरायचं होतं, उजेड चेहऱ्यावर परतवायला. तो धरून उभा राहिलं की बोलावं लागत नाही.

सुनेला घालवून देण्याचा प्रसंग जेवणाआधी झाला. सून माझी मुलगीच होती. तिने आईची निळी साडी नेसली होती, आणि नाक, कपाळ, उभं राहताना एका पायावर भार देण्याची सवय, सगळं आईचं. ताईला एकच वाक्य होतं: माझ्या घरातून आत्ताच्या आत्ता चालती हो. सराव नको म्हणाली. जावयाने ‘घ्या’ म्हटलं आणि ताईने ते वाक्य म्हटलं. मोठ्याने नाही. उलट हळू, दात आवळून, समोरच्या निळ्या साडीकडे बघत. म्हणून झाल्यावरही ती तशीच बघत राहिली. मुलीचं पुढचं वाक्य होतं, ती ते विसरली.

“अगो बाय,” वरची बाई कुजबुजली. “खराच हाकलला की.”

“झालं का रे?” ताईने जावयाला विचारलं. “पुन्हा नको करायला लावू.”

जेवायला बसलो. मुलीने आदल्या दिवशी करून ठेवलेली भाजी होती, वरच्या बाईने भाकऱ्या आणल्या होत्या. ताई डाव्या हाताने जेवायची नाही म्हणून जेवलीच नाही. तिला साखरेचा त्रास आहे. मुलगी काळजीत पडली. “आत्या, ठेव ना तांदूळ वाटीत. देव काही म्हणणार नाही.”

“देवाचं नाही गं. तुझी आई सांगायची ना दर वर्षी ही कहाणी? मी कधी आले नाही ऐकायला. एक वर्ष तरी नीट ऐकू दे.”

मी ताटावरून उठलो. मुलीने विचारलं, “बाबा, बरं वाटत नाही का?” मी म्हणालो, उन्हात उभा होतो. ऊन नव्हतंच. बाहेर आषाढाचं आभाळ होतं.

दुपारी खिडक्यांना चादरी लावून अंधार केला आणि पाटावर दिवे मांडले. पूजा नव्हे, असं मुलीने दोनदा मोठ्याने सांगितलं, बहुधा स्वतःलाच. वरच्या बाईने दिव्याचं बोलणं तिच्या मनाने सांगितलं. माझ्या कागदावर चार ओळी होत्या. ती म्हणाली, “मी रोज तिच्या हातातला हाय. रातचं कोन कुठं गेला, कोन काय बोलला, मना सगला म्हाईत. पन मना विचारला कुनी? तोंड हाय त्यांनी सांगला नाय, मी तं नुसती वात.” जावयाने अंगठा वर केला. मुलगी म्हणाली, “मावशी, हे बाबांच्या कागदात नाहीये, पण हेच ठेवणार.”

मला वाटलं, बायकोने हिला सांगितलं असेल. ती माझ्याकडे पाहतही नव्हती, पदर सारखा करत होती. सांगितलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडस केलेलं नाही.

साडेतीनला मुलीने निवेदनाचं शेवटचं वाक्य वाचलं. ताईने तांदूळ दिव्यांपुढे ठेवले, तळहात झटकला, बोटं उघडमीट केली आणि म्हणाली, “आता काहीतरी खायला द्या मला.” केळं खाल्लं. तोंड धुतलं. कुंकू सारखं केलं. मग खुर्चीत बसून म्हणाली, “हं. कुठं बघून बोलायचं?”

चादरी काढल्या होत्या. मी थर्मोकोल धरून तिच्या डाव्या बाजूला उभा होतो. मुलगी कॅमेऱ्याशेजारी जमिनीवर बसली होती. वरची बाई दाराला टेकून होती.

“वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी सासरी गेले होते,” ताई म्हणाली. “त्यामुळे आमचा सहवास कमी. स्वभावाने गरीब होती. कुणाला दुखवायची नाही. एकदाच तिच्या हातून...”

थर्मोकोल माझ्या हातात करकरायला लागला. जावयाने मान वर केली. “बाबा, जरा स्थिर.”

“एकदाच तिच्या हातून एक गोष्ट झाली, आमची आई गेली तेव्हा...”

“थांब,” मी म्हणालो.

“काय झालं?” ताई म्हणाली. “चुकलं का?”

“तिने नाही. मी.”

“काय मी?”

“तिने फोनवर हात ठेवला होता. संध्याकाळीच. तुला लावत होती. मी नको म्हणालो.”

मी हे वाक्य एकोणीस वर्षांत कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं. त्यात कारणं असायची, आईचा श्वास, डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते. प्रत्यक्षात एवढंच निघालं. मग म्हणालो, “तू विचारलंस तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी बोललो नाही. नंतरही नाही.”

जावई हळूच म्हणाला, “बंद करू?” पण त्याने बंद केलं नाही.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मी इथे लिहीत नाही.

ताईने आवाज चढवला नाही. तिने रागावून काही बोलावं अशी मी वाट बघत होतो. ती म्हणाली, “मग त्या संध्याकाळपासून आईजवळ कोण होतं?”

“ती. सबंध वेळ तीच होती.”

“आणि तू?”

“बाहेर झोपलो होतो.”

“आईने माझं नाव घेतलं का?”

मी थर्मोकोल भिंतीला टेकवला.

“सकाळपर्यंत. एकदा तरी. मला बोलवा, असं काही. घेतलं का नाव?”

“मला माहीत नाही, ताई.”

“तिला माहीत असणार.”

“हो.”

“तिने तुला सांगितलं नाही?”

“मी कधी विचारलं नाही.”

ताई उठली. उठताना नऊवारीचा काठ खुर्चीच्या पायात अडकला, तो वरच्या बाईने सोडवला. “एकोणीस वर्षं ती ह्याच घरात होती,” ताई म्हणाली, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. “मी दारात यायचे, अर्धा कप चहा प्यायचे आणि जायचे. ती समोर बसलेली असायची. मला नुसतं विचारायचं होतं.”

तिने आत जाऊन साडी बदलली. जावई गाडीने सोडतो म्हणाला, तर नको म्हणाली, एसटी आहे. वरची बाई तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेली. निघताना मी ताईच्या पाया पडलो, तर तिने अडवलं नाही आणि आशीर्वादही दिला नाही.

मुलीने सामान आवरलं. दिवे पुसून पिशवीत भरले. जाताना म्हणाली, “मी आईला एकदा विचारलं होतं. कॉलेजात असताना. आत्याला का नाही कळवलंस म्हणून. ती म्हणाली, राहून गेलं. राहून गेलं म्हणाली, बाबा.” आणि गेली. चार दिवस तिचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला, तो सिनेमाबद्दल. ताईचं अर्धं बोलणं आणि माझं ‘थांब’ ती काढणार नव्हती, फक्त वर्षश्राद्धाला दाखवायचं की नाही ते आत्या ठरवेल. आणि नवऱ्याचा सीन मी नव्याने लिहून द्यायचा होता. मी लिहून दिला. त्यात नवरा खोलीतच उभा आहे. जावयाने त्यासाठी एक रविवार काढला आणि ते काम मीच केलं.

ताईचा फोन श्रावण सुरू झाल्यावर आला. सकाळी, मी भाजी चिरत असताना.

“जेवलास?” असं तिने नेहमीसारखं विचारलं नाही. म्हणाली, “तू बाहेर झोपला होतास म्हणतोस. पण मध्ये उठला असशील. पाणी प्यायला, काही.”

“उठलो होतो. दोनदा.”

“दारातून दिसत असेल ना आत.”

“हो.”

“ती कुठं बसली होती? उशाशी की पायाशी?”

मी सुरी खाली ठेवली. हे मला माहीत होतं. “उशाशी,” मी म्हणालो. “भिंतीला टेकून नाही. पलंगावरच, आईच्या डोक्याजवळ.”

“हात धरला होता आईचा?”

“एक धरला होता. दुसऱ्या हाताने कपाळावरून हात फिरवत होती.”

“दोन्ही वेळेला?”

“दोन्ही वेळेला.”

मागे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“आणखी काय दिसलं तुला?” ताईने विचारलं. “नीट आठव. घाई नाही मला.”

मी खुर्ची ओढून बसलो आणि आठवायला लागलो.